धुरपदा आधी चाखायची

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काम केलं ते आंबिलीचं. ती खाटेवर पडून सांगत होती, मी चुलीपुढं बसून ढवळत होतो. दिवस कलला होता. गल्लीत कुणाचा तरी माग अजून चालू होता, त्याचा खटखटाट येत होता.

"एका अंगानं ढवळा," ती म्हणाली. "मागं-फुडं करू नगा. माग न्हाय त्यो."

"ढवळतोय की."

"गुठळी झाली."

"तुला तिथनं दिसती व्हय?"

"दिसत न्हाय. ऐकू येती. चाटू अडखळला."

चाटू खरंच अडखळला होता. मी गुठळी काठाला घासून फोडली. ती पडून ऐकत राहिली. जरा वेळानं बघितलं तर तिचा डोळा लागला होता. मी ताक ओतलं, लसूण ठेचून टाकला, एक कढ येऊ दिला आणि भांडं उतरवलं. भांडं खाली टेकल्याचा आवाज झाला तशी ती जागी झाली.

"झाली?"

"झाली."

वाटीत वाढली. एका हातानं तिची मान उचलून धरली आणि वाटी तोंडाला लावली. पहिला घोट तोंडात घेऊन ती थांबली. माझ्याकडं बघितलं. मग गिळला.

"काय गं?"

"काय न्हाय. झ्याक झालीया."

अर्धी वाटी प्याली. पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "उरल्याली झाकून ठिवा. मांजर हाय."

मी झाकून ठेवली. झाकताना ध्यानात आलं, की वाढायच्या आधी मी चाखलीच नव्हती. आमच्या घरात तीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. आणि तीही म्हणाली नाही, की आधी तुमी चाखा.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठली नाही.

मी फार शिकलेला माणूस नाही. चार बुकं झाली आणि शाळा सुटली. बायकोवर कुणी लिहितं का, तेही मला माहीत नाही. पण त्या पहिल्या घोटाला ती का थांबली, याचं भय माझ्या पोटात कसं बसलं ते सांगायचं, तर आधी धुरपदा कोण होती ते सांगावं लागतं.

ती मेंढरांमागं वाढलेली. सांगोल्याकडची. तिचा बाप मेंढरांचा वाडा घेऊन रानोमाळ फिरायचा, आज हितं तर उद्या तितं. तिला गावाचं नाव विचारलं की म्हणायची, "कंच्या म्हयन्यातलं सांगू?" अंगानं आडवी, बुटकी, दोन्ही हातांवर कोपरापर्यंत गोंदण. चालायची ते पाठीमागं कुणी लागल्यासारखी. झोप अशी सावध, की उंबऱ्यात कुत्रं आलं तरी उठून बसायची. लहानपणी तिनं लांडग्याच्या भीतीनं रात्री काढलेल्या. तिचं एक बोलणं होतं, दिवसातनं एकदा तरी निघायचं. "लांडगा आल्याला कळत न्हाय, मेंढरू गेल्यालं कळतं."

लग्न होऊन ती सोलापुरात आली तेव्हा मला वाटलं, गल्लीत राहून ही भीती जाईल. नाही गेली. फक्त लांडगा बदलला.

मी मूळचा माढ्याकडचा. दुष्काळात आई-बापाबरोबर सोलापूरला आलो आणि पांजणीच्या कामाला लागलो. पांजणी म्हणजे सुताला खळ देणं. मागावर चढवायच्या आधी ताणा, म्हणजे उभं सूत, गल्लीत लांबच्या लांब पसरायचा आणि दोन्ही अंगांनी कुंच्यानं खळ चोपडत जायचं. त्यानं धागा ताठ होतो, मागावर तुटत नाही. खळ म्हणजे तरी काय? ज्वारीचं पीठ पाण्यात शिजवलेलं. म्हणजे पेजच. मी सुताला पेज पाजायचो आणि धुरपदा माणसांना. मला यायची ती एवढीच एक.

तिला किती यायच्या ते मोजलं नाही. माणूस बघून पेज करायची. तापातनं उठलेल्याला ज्वारीच्या कण्या, ताकातल्या, पातळ. सर्दी-पडशाला हुलग्याचं माडगं, भाजल्या हुलग्याचं पीठ, वरनं लसूण आणि मिरं, की नाकातनं पाणी वाहिलंच पाहिजे. बाळंतिणीला राळ्याची खीर गूळ घालून. थंडीत बाजरीचा घाटा, एवढा दाट की चाटू उभा राहायचा. आणि उन्हाळ्यात आंबील. पीठ आदल्या दिवशी ताकात भिजवून आंबवायचं, सकाळी उकळत्या पाण्यात बारीक धार धरून सोडायचं, एका अंगानं ढवळायचं. मीठ आधी घालायचं नाही. भांडं उतरवलं की मग. आधी घातलं तर ताक फाटतं, हा तिचा कायदा. दुसऱ्या कुणी आधी घातलेलं दिसलं की चार घरं सोडून ऐकू जाईल असं बोलायची.

माणसंही ती पेजेवरनंच ओळखायची. फुंकर घालून पिणारा भित्रा. मधनं बोट घालणारा हावरा, त्याचं बोट भाजायचंच. कडेकडेनं खाणारा संसाराचा. मला म्हणायची, "तुमी पयल्या दिवशी मधी बोट घातलंत. तवाच कळालं, आता मलाच बघावं लागंल."

आमच्या भिंतीला भिंत नरसम्माची. तेलुगू माणसं, घरात दोन माग, त्यांचे ताणे मीच करायचो. नरसम्माची पेज तांदळाची. ती तिला गंजी म्हणायची. धुरपदा आली त्या पहिल्याच आठवड्यात दोघींची भिंतीवरनं जुंपली.

"अय्यो धुरपम्मा, हे काय एवढं घट्ट? घर बांधतीस काय की?"

"तुजी गंजी म्हंजे तांदूळ धुतल्यालं पाणी. त्यात माजं तोंड दिसतंय."

"मग बघ की! आरसा घ्यायला नको तुला."

"बगितलं. लई वंगाळ दिसतंय. तुज्या घरची पेज हाय म्हणूनशान आसंल."

रोज असं चालायचं. मी आणि नरसम्माचा नवरा गल्लीत ताणा चोपडत ऐकायचो आणि खाली मान घालून हसायचो. वर मान करून हसायची दोघांचीही छाती नव्हती.

आता ती गोष्ट सांगतो. टाळून चालणार नाही.

खळीत मी मोरचूद घालायचो. निळा खडा असतो, जहर. कुटून पिठातच मिसळून ठेवला की पिठाला किडा लागत नाही आणि चोपडलेलं सूत उंदीर, झुरळ कुरतडत नाही. सगळेच थोडाफार घालायचे. त्यानं खळीला जराशी निळी झाक येते, पण सकाळच्या अंधुकात, चुलीच्या धुरात ती कोण बघतं? खळ शिजवायला चूल एकच, घरातली. शिजली की तिथंच कोमट व्हायला ठेवायचो. तिच्या आंबिलीचं गाडगंही तिथंच. एकाच कुंभाराची दोन काळी गाडगी, एकाच पिठाची दोन पेजा.

सुंदरा, आमची पोरगी, तेव्हा पाच वर्षांची. धुरपदा नळावर पाण्याला गेली होती आणि नळावर रांग होती. पोरगी भुकेनं पिरपिर करायला लागली. मी म्हटलं, त्यात काय, मी वाढतो. वाढलं. वर गुळाचा खडा कुस्करून घातला. पोरीनं दोन घास खाल्ले आणि म्हणाली, "बाबा, तांब्याला जीभ लावल्यागत लागतंय."

मी म्हणालो, "गप खा."

तिनं खाल्लं. बाप म्हणाला म्हणून खाल्लं.

धुरपदा घागर घेऊन दारात आली तेव्हा सुंदरा भिंतीला धरून ओकत होती. ओकारी हिरवी-निळी. धुरपदानं पोरीकडं बघितलं, मग चुलीकडं, मग माझ्याकडं. घागर तिथंच सोडली. ती फुटली, पाणी उंबऱ्यातनं गल्लीत गेलं. परसातली शेळी ओढत आणली आणि पोरीच्या तोंडापाशीच धार काढली. पाजायची, पोरगी ओकायची, परत पाजायची. भिंतीपलीकडनं नरसम्मा आली ती अंडी घेऊन. कच्ची फोडून घशात घातली. मला कुणी काही सांगितलं नाही. मी हात खाली सोडून उभा. दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाला, दूध पाजलंत म्हणून आणण्याइतकी तरी राहिली.

तीन दिवस पोरीच्या पोटात काही ठरेना. आंबील नको, कण्या नकोत, बघितलं तरी ओकायची. तिसऱ्या दिवशी धुरपदा भिंतीपाशी गेली. तिला कुणापुढं हात पसरताना मी तोवर बघितलं नव्हतं.

"नरसाक्का, तुजी गंजी हाय का गं? वरचं नुसतं पाणी दे."

नरसम्मानं दिली. टोमणा मारला नाही. सुंदरानं चमच्या-चमच्यानं वाटीभर घेतली आणि ती पोटात राहिली. दोघी बायका भिंतीच्या दोन बाजूंना उभ्या राहून रडल्या. मी परसात जाऊन खळीचं गाडगं फोडलं. त्यानं काय होणार होतं? दुसऱ्या दिवशी नवं आणावंच लागलं. पोट त्याच्यावर होतं.

या सगळ्याबद्दल धुरपदा मला एकदाच बोलली. पोरगी उठून खेळायला लागली त्या दिवशी. "तुमी आता चुलीकडं येऊ नगा. मला तुमचं भ्या न्हाय वाटत. तुमच्या हाताचं वाटतं."

मी म्हणालो, "बरं."

"देवानं एकदा सोडलंय. दोनदा सोडत न्हाय."

त्या दिवसापासून घरात नेम पडला. खळ उंबऱ्याच्या आत येणार नाही. परसात छपराखाली वेगळी चूल, खळीचं गाडगं आणि मोरचूद घातलेल्या पिठाचं गाडगं, दोन्ही तिथंच. दोन्हींच्या गळ्यात तिनं काळा दोरा बांधला. आणि घरात काहीही शिजलं, अगदी कढी शिजली तरी, आधी ती स्वतः चाखायची. नुसतं जिभेला लावून नाही. चांगला घोट घ्यायची, मग खराटा घेऊन अंगण झाडायला जायची. सगळं अंगण झाडून परत येईपर्यंत कुणी ताटाला हात लावायचा नाही. काही व्हायचं असेल ते तोवर तिला व्हावं, असा हिशेब. रोज. सणावारी पुरणपोळीलासुद्धा.

एकदा तिचा भाऊ आला, सांगोल्याकडनं चालत. घोंगडी टाकून बसला. समोर बाजरीचा घाटा वाफाळतोय, वर तूप. बहिणीनं एक घोट घेतला आणि गेली बाहेर. त्यानं वाट बघितली. खराट्याचा आवाज येतोय, आपला येतोय.

"अक्के," तो आतनं ओरडला, "मला जेवायला बोलावलंस का अंगण दाखवायला?"

"बस गप. मरशील."

"भुकंनं मरतुय की हितं!"

"भुकंनं मराय येळ लागतो. त्याला मी हाय."

तो माझ्याकडं बघायला लागला. मी ताटाकडं बघत बसलो. त्याला कुणी काही सांगितलेलं नव्हतं. मला वाटलं, आता सांगेल, या माणसानं भाचीला काय घातलं ते सांगेल. ती आत आली, कपाळाचा घाम पुसला आणि म्हणाली, "खा. शेरगावात उंदरांचं लई औषिद टाकत्यात, म्हणून बघावं लागतंय." तेवढंच. माहेरच्या एकाही माणसाला तिनं शेवटपर्यंत कळू दिलं नाही.

मग प्लेगनं उंदीर पडायला लागले ते साल. आधी गिरणीच्या कोठारात, मग पेठेत. एक दिवस नरसम्माच्या मागाखाली दोन सापडले आणि आमची गल्ली उठली. सगळी माणसं गावाबाहेर माळावर पत्र्याच्या नाहीतर पाचटाच्या खोपटांत राहायला गेली. मागं घरांत औषध टाकणारी माणसं फिरत होती. पिठाच्या गोळ्यांत जहर घालून उंदरांसाठी ठेवत होती. त्यावरनं माळावर आवई उठली. कुणी म्हणालं, गोळ्यांचं पीठ धान्यात मिसळलंय. कुणी म्हणालं, विहिरीत पडलंय. दोन पोरं ओकली. ती कशानं ओकली देव जाणे, पण तेवढं पुरलं. बायकांनी चुली पेटवणं सोडलं. पोरं रडायची आणि आया त्यांच्या तोंडावर हात ठेवायच्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी धुरपदानं खोपटांच्या रांगेच्या मध्यावर तीन धोंडे मांडले, नरसम्माचं मोठं पातेलं आणलं आणि आंबील रांधली. कुणी जवळ येईना. तिनं वाटीभर काढली, सगळ्यांना दिसेल अशी उभी राहून प्याली आणि खराटा घेतला. आमच्या खोपटापासनं रांगेच्या टोकापर्यंत झाडत गेली. झाडायला काय होतं तिथं? माळ होता, धूळ होती. सगळी माणसं एका बाईच्या खराट्याकडं बघत बसली. मीही बघत होतो. माझी खात्री होती, की आता ती खाली बसणार, आता पोट धरणार. ती टोकापर्यंत गेली, वळली, दुसऱ्या अंगानं झाडत परत आली आणि चाटू हातात घेतला.

"या. कडंकडंनं खावा, मधी गरम हाय."

मग जी माणसं आली! पातेलं चाटूनपुसून घेतलं. त्यानंतर माळावर होतो तोवर कुठंही काही शिजलं, की माणसं विचारायची, धुरपदानं चाखलंय का? चाखलंय? मग द्या.

खोपटातला एक म्हातारा तिला म्हणाला, "पोरी, तुला भ्या वाटलं न्हाय?"

"वाटलं की आजा. म्हणून तर झाडत हुते. हात रिकामं असलं की भ्या वर चढतं."

अंगण झाडण्यामागं तिचा वेळ मोजायचा हिशेब असेल असं मी इतकी वर्षं धरून होतो. खरं काय ते त्या दिवशी कळलं.

सुंदरा मोठी झाली. तिला कुर्डुवाडीला दिली, जावई रेल्वेच्या कारखान्यात आहे. पोरीला ती लहानपणची गोष्ट आठवत नाही. पण तीही सासरी आधी चाखते आणि अंगण झाडते. सासू म्हणते, सोलापूरकडची रीत असेल. असू दे.

मागच्या हिवाळ्यात धुरपदाच्या पायांवर सूज आली. मग दम लागायला लागला. खराटा मारताना मध्येच भिंतीला टेकायची. दवाखान्यातला म्हणाला, छातीचं आहे, झोपून राहू दे, पातळ द्या. ती खाटेवर पडली. नरसम्मा दोन वेळा गंजी आणून द्यायची. स्वतः चाखूनच आणायची, भिंतीवरनं ओरडायची, "चाखली गं, धुरपम्मा, झाडलं पण!" झाडायची नाही, खोटं बोलायची. धुरपदाला कळायचं आणि ती हसायची.

आणि मी काय केलं? ती उठत नाही म्हटल्यावर मी ढिला पडलो. पांजणीचं काम थोडंथोडं करत होतो. परसात जायचं तर तीन पायऱ्या, गुडघे धरलेले, छप्पर गळकं, पीठ भिजायचं. एक दिवस मोरचुदाच्या पिठाचं गाडगं उचललं आणि घरात आणून फळीवर ठेवलं. घरच्या पिठाच्या गाडग्याशेजारी. गळ्यात काळा दोरा आहे की, म्हटलं. तिची खाट दुसऱ्या भिंतीला, तिला फळी दिसत नाही असं मी धरून चाललो. तिला विचारलं नाही. विचारलं असतं तर काय म्हणाली असती ते मला माहीत होतं.

त्या शेवटच्या दिवशी दुपारी तिनं गंजी परत पाठवली. मला म्हणाली, "गंजी खाऊन तोंड मेलंय. ज्वारीची आंबील करा."

"मी?"

"मग काय कुर्डुवाडीस्न सुंदी येती?"

"मला चुलीकडं येऊ नको म्हणाली होतीस."

तिनं पदर नीट केला. मग म्हणाली, "लई वर्सं झाली त्याला. करा आता."

मी फळीवरनं गाडगं काढलं. माझे डोळे आता असे झालेत, की दिवस कलला की निळं, काळं, करडं सगळं एकच दिसतं. तिचं ते बोलणं ऐकून मला इतकं बरं वाटलं होतं, की गाडग्याच्या गळ्याला हात लावून बघायचं सुचलंच नाही. पीठ ताकात कालवलं, आंबायला वेळ नव्हता. मग ती आंबील झाली, ती वर सांगितली.

सकाळी मला जाग आली ती घर फार गप होतं म्हणून. तिचा दम ऐकू येत नव्हता. खाटेपाशी गेलो. हात लावला. गार होती. तोंड शांत, पदर जसा रात्री घेतला तसाच. मी हाक मारायला वळलो, नरसम्माला बोलवायचं म्हणून, आणि पाय कशावर तरी पडला. वाकून उचललं. काळा दोरा होता.

गाडग्याच्या गळ्यातला दोरा. चुलीपाशी, जमिनीवर.

मी फळीकडं बघितलं. दोन गाडगी, दोन्हींचे गळे उघडे. काल मी कुठलं काढलं होतं? डावं? उजवं? आणि परत ठेवताना कुठं ठेवलं? गाडगं काढायच्या आधीच दोरा सुटला होता का माझ्या हातानं सुटला? काही आठवेना. आठवत होतं ते एवढंच, की पहिला घोट घेऊन ती थांबली आणि तिनं माझ्याकडं बघितलं. तीस वर्षांमागं पोरगी थांबली होती, तशी. पोरीला मी गप खा म्हणालो होतो. हिला तेवढंही म्हणावं लागलं नाही.

देव दोनदा सोडत नाही.

नरसम्माला हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. माणसं येणार, काय खाल्लं होतं विचारणार. मी काय सांगणार होतो?

चुलीपाशी बसलो. झाकण काढलं. अर्ध्याच्या वर उरली होती, वर साय धरलेली. निळी की करडी ते सांगता येईना. भांडं उचललं आणि खाटेपाशी तिच्या उशाला जाऊन बसलो. वाढणाऱ्यानं आधी चाखायची. मी चाखली, एका रात्रीच्या उशिरानं.

मोठा घोट घेतला आणि जिभेवर धरला. तांब्याची चव शोधत होतो. लागली नाही. लसूण लागला, ताक लागलं. आणि मग कळलं. मीठच नव्हतं. भांडं उतरवलं आणि मीठ घालायचं राहिलं होतं.

मिठासाठी चार घरं सोडून ऐकू जाईल असं बोलणारी बाई. झ्याक झालीया म्हणाली.

पण जिभेवर माझा भरवसा नव्हता, म्हातारी जीभ आहे. म्हणून सगळी प्यालो. भांडं तिरकं करून, तळाची गुठळीसुद्धा. मग तिच्या नेमाप्रमाणं खराटा घेतला. पोटात काही कळ येते का ते बघत उंबऱ्यापासनं झाडायला लागलो. तुळशीपर्यंत झाडलं. नरसम्माच्या भिंतीकडेनं झाडलं. परसातल्या छपराखाली, जिथं ते गाडगं असायला हवं होतं, तिथंही झाडलं. हात थांबू दिले नाहीत. गिरणीचा भोंगा झाला, गल्लीतली माणसं कामाला निघाली, कुणीतरी म्हणालं, "आज तुमी व्हय आज्जा?" मी मान हलवली.

सगळं अंगण झाडून झालं. मला काहीही झालं नव्हतं.

खराटा भिंतीला टेकवला आणि मग नरसम्माला हाक मारली.